द्रौपदीच्या तोंडची दोन वाक्ये



महाभारतातील द्रौपदी काय बोलली, असा प्रश्न गावच्या पारावर विचारला तर दोन वाक्ये हमखास ऐकावयास मिळतात. पहिले मयसभेतले. जमीन समजून दुर्योधन पाण्यात पडतो आणि द्रौपदी हसून म्हणते, आंधळ्याचा मुलगा आंधळाच. दुसरे स्वयंवरातले. कर्ण धनुष्याला हात घालतो आणि द्रौपदी भर मंडपात सांगते, सूतपुत्राला मी वरणार नाही. ज्यांनी महाभारताचे एकही पान उलटलेले नाही, त्यांनाही ही वाक्ये पाठ असतात. पहिल्या वाक्यापासून बोध असा काढला जातो की, एका बाईच्या हसण्याने एवढे युद्ध झाले. घरातल्या सुनेला आणि शाळकरी मुलीला तो ऐकविलाही जातो. दुसऱ्या वाक्यापासून निघणारा बोध त्याहून कठोर आहे. कुळाचा गर्व केला, मग द्यूतसभेत त्याचे फळ मिळाले, असा तो बोध.

ही दोन वाक्ये आली कोठून, याचा माग काढणे एवढेच प्रस्तुत व्याख्यानाचे प्रयोजन आहे. हा माग काढताना पोथी, संशोधकाचा ग्रंथ, कादंबरी आणि चित्र या चारही घरांचा उंबरठा ओलांडावा लागतो. पुराणकथा या चारही घरी नांदते, आणि प्रत्येक घरी तिची रीतभात निराळी असते.

प्रथम मूळ ग्रंथाकडे वळू. सभापर्वात मयसभेचा प्रसंग दोनदा येतो. एकदा तो निवेदक सांगतो आणि एकदा हस्तिनापुरास परतलेला दुर्योधन स्वतः बापाला सांगतो. निवेदकाच्या सांगण्यात दुर्योधन पाण्यात पडल्यावर सेवक हसतात, राजाज्ञेने त्याला कोरडी वस्त्रे आणून देतात. भीम हसतो, अर्जुन हसतो, नकुल-सहदेव हसतात. द्रौपदीचे तेथे नावही नाही. दुर्योधनाच्या तक्रारीत मात्र कृष्ण व अर्जुन मोठ्याने हसले आणि इतर स्त्रियांसह द्रौपदीही हसली, असे येते. दुखावलेल्या माणसाची ही साक्ष आहे. ती खरी मानली तरी द्रौपदी हसली, एवढेच तिच्यातून निष्पन्न होते. आंधळ्याच्या मुलाविषयीचे ते वाक्य तिच्या तोंडी कोठेही नाही. प्रचलित छापील पाठात ‘धृतराष्ट्रपुत्रा’ असे संबोधून, हसत हसत दार दाखविणारा कोणी आहे, पण तो भीम आहे. थट्टा भीमाची, आणि ती चिकटली द्रौपदीला!

स्वयंवराची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. सूतपुत्राला नकार देणारे वाक्य संस्कृत महाभारताच्या प्रचलित पाठात आहे. मराठी वाचकांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या जो पाठ आला तो बहुतांशी नीलकंठ चतुर्धर यांच्या टीकेसह छापलेला. हे नीलकंठ मूळचे गोदाकाठच्या कोपरगावचे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात काशीस राहून त्यांनी निरनिराळ्या प्रांतांतील पोथ्या जमविल्या आणि ‘भारतभावदीप’ ही टीका लिहिली. त्यांच्या पाठात ते वाक्य आहे. म्हणून ते वाक्य वापरणाऱ्या कीर्तनकाराने वा नाटककाराने पदरचे काही घातले, असे म्हणता येणार नाही. परंतु ते वाक्य महाभारताच्या सर्व पोथ्यांत आहे काय, हा प्रश्न नीलकंठांनंतर दोन शतकांहून अधिक काळाने पुण्यात विचारला गेला, आणि त्याचे उत्तर ‘नाही’ असे आले.

हे उत्तर ज्या उद्योगातून आले त्याची हकीकत शिक्षकांनी विद्यार्थ्यांना अवश्य सांगावी. १९१७ साली पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना झाली. महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार करण्याचा संकल्प सुटला तेव्हा औंध संस्थानचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी एक लाख रुपयांची देणगी वार्षिक हप्त्यांनी देण्याचे वचन दिले. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. आवृत्ती सचित्र असावी अशी त्यांची इच्छा होती आणि तिच्यासाठी त्यांनी कुंचलाही हाती धरला. १ एप्रिल १९१९ रोजी डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी पहिल्या कागदावर पहिला श्लोक लिहून पाठमेळणीच्या कामास प्रारंभ केला.

ही पाठमेळणी म्हणजे काय? एका मोठ्या कागदावर चौकटी आखावयाच्या. वरच्या ओळीत श्लोकाचे एकेक अक्षर एकेका चौकटीत लिहावयाचे. मग एकेक पोथी घेऊन, तिच्यात ज्या अक्षराच्या जागी निराळे अक्षर असेल ते नेमके त्या चौकटीखाली टिपावयाचे. प्रत्येक श्लोकाला असा एक कागद. पोथ्या काश्मीरच्या शारदा लिपीतील, नेपाळी, मैथिली, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मलयाळम अशा नाना लिप्यांतील. त्या वाचणारी माणसे मिळणेही दुरापास्त. म्हणून काही पाठमेळणी शांतिनिकेतनात झाली, तर काही भोसले राजांच्या सरस्वती महाल ग्रंथालयामुळे विख्यात झालेल्या तंजावरात. सारी मिळून १२५९ हस्तलिखिते या कामी तपासली गेली. १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक झाले. केंब्रिजला गणित आणि बर्लिनला भाषाशास्त्र शिकून आलेला हा विद्वान. त्यांनी संपादिलेले आदिपर्व १९३३ साली पूर्ण झाले. त्यांच्यानंतर श्रीपाद कृष्ण बेलवलकर व परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी धुरा वाहिली, आणि १९६६ च्या सप्टेंबरमध्ये राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत आवृत्ती पूर्ण झाल्याचे घोषित झाले. सत्तेचाळीस वर्षे! ज्यांनी आरंभ केला त्यांपैकी बहुतेकांनी शेवट पाहिला नाही.

सुकथनकरांची कसोटी थोडक्यात अशी. जो मजकूर दूरदूरच्या आणि परस्परांशी संबंध नसलेल्या पोथ्यांत सारखा आढळतो तो जुना. जो एखाद्याच गटात आढळतो तो मागाहून आलेला असण्याचा संभव अधिक. सूतपुत्राला नाकारणारे वाक्य या कसोटीस उतरले नाही. ते थोड्याच पोथ्यांत सापडते. म्हणून आदिपर्वाच्या मुख्य पाठातून काढून त्याला तळटीपेत जागा देण्यात आली. मुख्य पाठात उरते ते निराळेच. अर्जुन ब्राह्मणवेषात उठतो तेव्हा मंडपातील ब्राह्मण आपसांत कुजबुजतात की, कर्ण आणि शल्य यांच्यासारख्या नामांकित वीरांना जे धनुष्य वाकविता आले नाही ते या दुबळ्या पोराला कसे वाकणार? म्हणजे या पाठात कर्ण नाकारला गेला नाही. त्याला ते धनुष्य पेलले नाही.

आता या दोन वाक्यांचे मोल ध्यानी घ्यावे. द्यूतसभेत द्रौपदीला ओढून आणल्यावर तिला कुलटा म्हणणारा आणि तिची व पांडवांची वस्त्रे उतरविण्यास दुःशासनाला सांगणारा कर्णच आहे. हा मजकूर कोणत्याही संपादकाने वगळलेला नाही. स्वयंवरातील अपमान खरा असेल तर कर्णाच्या या बोलण्यामागे जुनी जखम आहे, असे म्हणता येते. तो अपमान नसेल, तर ते शब्द उघडे पडतात. मयसभेतील वाक्याचे काम तेच. ते दुर्योधनाला निमित्त पुरविते. सभेत जिची विटंबना झाली तिच्याच तोंडी, सभेच्या आधी, दोन वाक्ये घालून दोष तिच्याकडे सरकविण्यात आला आहे. कोणी बुद्धिपुरस्सर हे केले असे नव्हे. शेकडो वर्षे कथा सांगणाऱ्यांना, एवढे भयंकर कृत्य कारणावाचून कसे घडेल, हा प्रश्न पडला असावा आणि त्यांनी कारण शोधले. ते कारण एका स्त्रीच्या जिभेत सापडावे, हे मात्र विचार करण्यासारखे आहे.

येथे एखादा भाविक श्रोता शंका काढील. संशोधकांनी असे कापत जायचे म्हटले तर उरणार काय? शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर त्याच द्यूतसभेत आहे. वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदीने कृष्णाचा धावा केला आणि त्याने वस्त्रे पुरविली, ही कथा महाराष्ट्रातील प्रत्येक घराला ठाऊक आहे. चिकित्सक आवृत्तीच्या सभापर्वात तो धावा नाही. एक वस्त्र ओढले की तसेच दुसरे प्रकट होते, एवढेच तेथे सांगितले आहे. ते कोणी दिले, ते सांगितलेले नाही. हे वाचून अनेकांच्या मनाला धक्का बसतो. पण त्याच आवृत्तीच्या उद्योगपर्वात कृष्ण संजयाला सांगतो की, आपण दूर असताना द्रौपदीने ‘गोविंद’ म्हणून आक्रोश केला, ते ऋण वाढतच चालले आहे आणि मनातून जात नाही. हा मजकूर कसोटीला उतरून मुख्य पाठात राहिला आहे. ज्याने चमत्कार गाळला त्यानेच हाक राखली. भाविकाला याहून अधिक काय हवे? ऋणाईत झालेला देव हा, वस्त्रे पुरविणाऱ्या देवापेक्षा, मनुष्याच्या अधिक जवळचा वाटतो.

सुकथनकरांना स्वतःला हे ठाऊक होते. १९४२ साली मुंबईत महाभारताच्या अर्थाविषयी चार व्याख्याने देण्याचे त्यांनी पत्करले. तीन दिली. चौथे देण्याआधीच, जानेवारी १९४३ मध्ये, त्यांचे देहावसान झाले. अक्षराअक्षराची छाननी करण्यात आयुष्य वेचलेला हा पुरुष त्या व्याख्यानांत महाभारताकडे तीन पातळ्यांवरून पाहतो: लौकिक, नैतिक आणि आध्यात्मिक. पाठशुद्धी करणारा अश्रद्धच असतो, ही समजूत त्यांच्या चरित्राने खोटी ठरते.

पोथीच्या घरची रीत निराळी आहे. नाझऱ्याच्या श्रीधरस्वामींनी १७०२ साली ‘हरिविजय’, पुढच्या वर्षी ‘रामविजय’ आणि १७१२ साली ‘पांडवप्रताप’ हे ग्रंथ ओवीत रचिले. ज्यांना संस्कृत येत नव्हते आणि पुष्कळदा वाचताही येत नव्हते, त्या शेतकरी कुटुंबांना महाभारत मिळाले ते श्रीधरांमुळे. चातुर्मासात दिवेलागणीनंतर एकाने वाचावे आणि आळीने ऐकावे, अशी ही पोथी. त्याआधी एकनाथांचे नातू मुक्तेश्वर यांनी महाभारताची काही पर्वे मराठीत आणली होती आणि श्रीधरांनंतर मोरोपंतांनी सारे भारत आर्यांत बांधले. परंतु घराघरांत पोचण्याचे भाग्य श्रीधरांचे. या पोथीला ‘व्यासांनी हे कोठे लिहिले आहे?’ असे विचारणे म्हणजे आईच्या जात्यावरच्या ओवीला पुरावा मागण्यासारखे आहे. पोथी ऐकणाऱ्याला धीर हवा असतो आणि तो ती देते. तिच्याकडून इतिहासाचा दाखला मागू नये, आणि तिच्या बळावर इतिहासाचा दाखला देऊही नये. पुष्कळसे तंटे या दुसऱ्या चुकीतून उद्भवतात.

आता कादंबरी. १९५९ साली वि. स. खांडेकर यांची ‘ययाति’ प्रसिद्ध झाली. आदिपर्वातील एका उपाख्यानावर ती उभी आहे. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली कहाणी आपल्या तोंडाने सांगतात, आणि अलकेसारखी पात्रे खांडेकरांनी स्वतः निर्माण केली आहेत. १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार खांडेकरांना मिळाला तेव्हा तो मान मिळविणारे ते पहिले मराठी साहित्यिक ठरले. १९६७ साली शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’ आली. या कादंबरीने मराठी वाचकाला कर्ण दिला, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. गुण असूनही जन्मामुळे दार बंद झालेल्या कित्येक तरुणांनी तिच्यात स्वतःला पाहिले. अनेक भाषांत तिची भाषांतरे झाली. १९७३ साली रणजित देसाई यांच्या ‘राधेय’ने त्याच नायकाला पुन्हा हात घातला. महाभारतातील कर्ण आपल्या संसाराविषयी जेमतेम एक उल्लेख करतो. उद्योगपर्वात तो कृष्णाला सांगतो की, अधिरथाने सूतकुळांतील स्त्रियांशी आपले विवाह लावले. एवढ्या बीजातून सावंतांनी वृषालीचे सबंध मन उभे केले. हा कादंबरीकाराचा हक्क आहे आणि तो त्यांनी समर्थपणे बजावला.

मात्र या हक्काचे मोल कोणीतरी मोजते, हेही पाहिले पाहिजे. कथा कर्णाच्या डोळ्यांनी सांगावयाची तर त्याचा अपमान ठसठशीत असावा लागतो, आणि अपमान करणारी व्यक्ती समोर उभी असावी लागते. कर्णाच्या बाजूने लिहिलेल्या कथानकांत ती जागा बहुधा द्रौपदीकडे येते. यात लेखकांचा अपराध नाही. अपराध असलाच तर कादंबरी वाचून ‘महाभारतात असे आहे’ म्हणून सांगणाऱ्याचा आहे.

याच्या उलट दिशेचे एक उदाहरण मराठी रंगभूमीवर सापडते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले. विराटाच्या घरी दासी होऊन राहिलेली द्रौपदी म्हणजे पारतंत्र्यातील देश आणि कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, हे प्रेक्षकांना सांगावे लागले नाही. सरकारलाही लागले नाही. १९१० मध्ये त्या नाटकावर बंदी घालण्यात आली. पुराणातील पात्राच्या तोंडी आपल्या काळाचे वाक्य घालणे नेहमीच अन्यायाचे नसते, हे यावरून दिसते. ते वाक्य कोणाच्या बाजूने उभे राहते, हा खरा प्रश्न आहे.

‘मृत्युंजय’ प्रसिद्ध झाली त्याच १९६७ साली इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ आले, आणि पुढील वर्षी त्याला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. डेक्कन कॉलेजातील मानवशास्त्राच्या या प्राध्यापिकेने भांडारकर संस्थेची आवृत्ती समोर ठेवून महाभारतातील माणसांविषयी लेख लिहिले. संशोधकाचे घर आणि ललित लेखकाचे घर यांच्या मधल्या अंगणात हे पुस्तक उभे आहे. बाईंची शिस्त अशी की, आधार कोठे संपतो आणि स्वतःची कल्पना कोठे सुरू होते, तो बांध त्या दाखवून देतात. द्रौपदीवरील लेखाच्या अखेरीस महाप्रस्थानाच्या वाटेवर कोसळलेली द्रौपदी आणि भीम यांचा प्रसंग त्यांनी स्वतः रचिला आहे. आपल्या या भरीला त्या ‘नरोटी’ म्हणतात. नरोटी म्हणजे नारळाची वाळकी करवंटी. या अर्थाने हा शब्द त्यांनी एकनाथांकडून घेतला. वाचकाला हाताला धरून, येथपर्यंत व्यासांचे आणि येथून पुढे माझे, असे सांगणारे पुस्तक विरळा.

‘युगान्ता’तील सर्व मते मान्य करावीत असे मुळीच नाही. भर सभेत धर्माचा प्रश्न विचारण्यात द्रौपदी चुकली, असे कर्वे यांचे म्हणणे आहे. पंडितेचा आव आणण्यापेक्षा तिने स्त्री म्हणून करुणा भाकावयास हवी होती, अशा आशयाचा त्यांचा आक्षेप आहे. तो पटण्यासारखा नाही. स्वतःला हरलेल्या नवऱ्याला बायको पणाला लावण्याचा अधिकार उरतो काय, हा द्रौपदीचा प्रश्न त्या सभेतील एकमेव शहाणपणाचे बोलणे होते आणि भीष्मांनाही त्याचे उत्तर देता आले नाही. तिच्या तोंडी खरोखर असलेले वाक्य हेच. पारावर ते कोणी उद्धृत करीत नाही. दुर्गा भागवत यांचे ‘व्यासपर्व’ (१९६२) या बाबतीत सोबतीला ठेवावे. व्यक्तिरेखांकडे पाहण्याची त्यांची दृष्टी कर्वे यांच्याहून निराळी आहे आणि दोन्ही पुस्तके लागोपाठ वाचली असता दोहोंचा कस लागतो.

चौथे घर चित्राचे, आणि ज्याला अक्षर येत नाही त्याचेही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळनजीकच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा जपली आहे. एका आख्यानाची चित्रे म्हणजे एक पोथी. एकेक चित्र समोर धरावयाचे, गाऊन त्याची कथा सांगावयाची, की पुढचे चित्र. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना या कलेसाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. या चित्रांतील पात्रांचे टपोरे डोळे, एका बाजूस वळलेले चेहरे आणि लढाईचे आवेश पाहिले म्हणजे कथा सांगणाऱ्याला कशावर भर द्यावयाचा आहे ते न सांगता समजते. दुसरीकडे राजा रविवर्मा यांनी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांसाठी पौराणिक चित्रे रंगविली आणि १८९४ साली मुंबईत शिळाप्रेस काढला. तो छापखाना पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीस गेला. त्यांच्या छापील तसबिरींनी देवदेवतांना जे रूप आणि जी लुगडी दिली, तीच आता घरोघरच्या देव्हाऱ्यावर खरी मानली जातात.

लोककलावंतांनी तर द्रौपदीला व्यासांनी न दिलेले एक गुपित दिले. जांभूळ आख्यानात देठापासून तुटलेले जांभूळ सत्य बोलल्यावाचून पुन्हा झाडाला लागत नाही, आणि द्रौपदीला कर्णाविषयीची मनातली ओढ कबूल करावी लागते. शाहीर विठ्ठल उमप यांनी हे आख्यान शहरांतील रंगमंचावरही गाजविले. या कथेला संस्कृत महाभारतात आधार नाही. तरीही एक गोष्ट लक्षणीय आहे. पंडितांच्या पोथीतील द्रौपदी सूत म्हणून ज्याला झिडकारते, त्याच्यावरच लोकांच्या आख्यानातील द्रौपदीचे मन जडते. कुळाचा गर्व लोकांनी तिच्या अंगाला लागू दिला नाही.

छोट्या पडद्याने मात्र जुनेच केले. १९८८ ते १९९० या काळात दूरदर्शनवरून ९४ भागांत दाखविल्या गेलेल्या बी. आर. चोप्रा यांच्या ‘महाभारत’ मालिकेत मयसभेतले ते वाक्य द्रौपदीच्या तोंडी आले, आणि ज्या घरांत पोथी कधी उघडली नव्हती तेथेही ते जाऊन बसले. एका पिढीचे महाभारत म्हणजे ती मालिका. त्या पिढीतील बरेच जण आता शिक्षक आहेत, ग्रामसेवक आहेत, सरपंच आहेत.

या साऱ्याचा गावच्या ग्रंथालयाशी संबंध कोणता, हे सांगणे आता अगत्याचे आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम हाही १९६७ सालचाच. त्यामुळे गावोगावच्या वाचनालयांना मान्यता व अनुदान मिळू लागले आणि ‘मृत्युंजय’सारख्या कादंबऱ्या खेड्यापर्यंत पोचल्या. अनेक वाचनालयांत आजही एक कपाट ‘धार्मिक’ म्हणून असते आणि देवाचे नाव मुखपृष्ठावर असलेले प्रत्येक पुस्तक त्यात ठेवले जाते. ‘पांडवप्रताप’ आणि ‘युगान्त’ शेजारी शेजारी. रा. चिं. ढेरे यांचे ‘श्री विठ्ठल : एक महासमन्वय’ हरिपाठाच्या शेजारी. मग विठ्ठलाच्या मूळ रूपाचा शोध घेणारा तो संशोधनग्रंथ एखादे आजोबा पारायणासाठी घरी नेतात, चार पाने वाचून संतापतात आणि पंचायतीकडे तक्रार येते. ग्रंथाचा दोष नाही, आजोबांचाही नाही, कपाटाचा आहे. पोथ्या, संशोधन, कथा-कादंबरी आणि चित्रे अशा निराळ्या फळ्या केल्या आणि प्रत्येक पुस्तकाच्या आतल्या पानावर ग्रंथपालाने दोन ओळींची चिठ्ठी चिकटविली, तर असे अर्धे तंटे पंचायतीपर्यंत येणार नाहीत. या कामाला पैसे लागत नाहीत.

वर्गात मुलाने विचारले की, गुरुजी, द्रौपदी खरेच असे म्हणाली का, तर ‘हो’ किंवा ‘नाही’ यापेक्षा ‘कोणत्या पुस्तकात?’ हा प्रतिप्रश्न अधिक उपयोगी पडतो. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचा १९३२ सालचा ‘प्राचीन चरित्रकोश’ यासाठी हाताशी असावा. त्यात प्रत्येक पात्राच्या हकीकतीपुढे मूळ ग्रंथातील पर्व आणि अध्याय दिलेले असतात. महादेवशास्त्री जोशी यांचा दहा खंडांचा ‘भारतीय संस्कृतिकोश’ही तसाच कामाचा. भांडारकर संस्थेची सबंध आवृत्ती लहान ग्रंथालयाच्या आवाक्याबाहेरची आहे. बिबेक देबरॉय यांचे तिच्यावरून केलेले दहा खंडांचे भाषांतर २०१० ते २०१४ या काळात आले, पण ते इंग्रजीत. मराठी खेड्यात ‘युगान्त’ची एक प्रत आणि चरित्रकोशाची एक प्रत एवढ्यावर पुष्कळ भागते.

सुकथनकरांनी जे वाक्य मुख्य पाठातून काढले ते त्यांनी नष्ट केले नाही, हेही मुलांना दाखविण्यासारखे आहे. आदिपर्वाच्या त्या पानावर रेघेखाली, लहान टाइपात, ते छापलेले आहे, आणि ते कोणकोणत्या पोथ्यांत सापडले त्यांच्या खुणा त्याच्यापुढे आहेत. मयसभेतले वाक्य मात्र रेघेखालीही नाही.